पाटावर बसणारं घर

घराची सजावट हा विषय निघाला, की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. पडदे कोणत्या रंगाचे घेतले आणि सोफा केवढ्याला पडला? या घरात राहणाऱ्या माणसांना कशात बरं वाटतं, हे विचारायचं सहसा राहूनच जातं. सुतार येतो, कॅटलॉग उघडतो, शेजारच्या बिल्डिंगमध्ये काय केलंय ते सांगतो आणि आपण मान डोलावतो.

मी माहेरची निपाणीची, सासर हुक्केरीचं. मिस्टरांच्या कापडाच्या नोकरीमुळे गेली पंचवीस वर्षं आमचा मुक्काम सुरतेत आहे. माझ्याशी मुलं मराठीत बोलतात, आजीशी कन्नडमध्ये आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजरातीत. अशा घराची शैली नेमकी कोणती म्हणायची?

सुरतेत तर मोहच फार. रिंगरोडच्या मार्केटांमध्ये कापडाचे ठिगारे पडलेले असतात, पडद्याचं कापड मीटरवर घ्या नाहीतर पूर्ण तागा उचला. सिंथेटिक कापडात या शहराचा हात धरणारं कुणी नाही. देशातल्या कुठल्याही प्रांताची साडी इथे छापून स्वस्तात मिळते. आपल्या इरकलीचीही नक्कल पाहिली मी! उधना, लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं खूप. त्यांच्या घरी गेलं की कपाटावर चकचकीत भांड्यांची रांग आणि देव्हाऱ्यावर कानबाईचा फोटो. गुजराती घरात झोपाळा, दाराला तोरण. प्रत्येकाकडे काहीतरी ठरलेलं आणि आमच्याकडे मात्र सगळ्यांचं थोडं थोडं.

मग ऑगस्ट २००६ आला. राखीपौर्णिमेचा आठवडा होता. उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीला मावेना आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेलं. आम्ही अडाजणला तळमजल्यावर राहत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बेनने आम्हा पाचजणांना ठेवून घेतलं. पाणी ओसरल्यावर खाली आलो, तेव्हा घरात घोटाभर चिखल होता. पार्टिकल बोर्डचा शोकेस फुगून फुटला होता, सोफ्याला हात लावता येत नव्हता. पाच वर्षं हप्ते भरून घेतलेलं सगळं रस्त्यावरच्या ढिगात गेलं.

काय उरलं ते सांगते. तांब्याचा हंडा, पितळी समई, लोखंडी खाट, चार सागवानी पाट, आणि सासूबाईंनी हुक्केरीहून आणलेल्या दोन कौदी. आपण मराठीत वाकळ म्हणतो तीच. सात पाण्यांनी धुऊन गच्चीवर वाळवल्या, तरी टाका उसवला नाही. २०१९ च्या पुरात पंचगंगा, दूधगंगा, कृष्णेकाठी ज्यांची घरं बुडाली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. भुशाची फळी एका पुरात संपते. सागवान मात्र उन्हात न टाकता सावलीत सावकाश वाळवलं, तर पुन्हा उभं राहतं.

घरात वाद पेटला तो यानंतर. मिस्टरांचं म्हणणं, ऑफिसची माणसं येतात, होतं तसंच सगळं पुन्हा हप्त्यावर घेऊ. सासूबाईंनी, आम्ही त्यांना अत्ती म्हणतो, कपड्यांची पिशवीच भरून ठेवली होती. ‘मला हुक्केरीला पोचवा’ एवढंच त्या बोलायच्या. सुरतेचं घर त्यांना कधी आपलं वाटलंच नव्हतं. सोफ्यावर त्या नेहमी कडेला, पाहुण्यासारख्या बसायच्या.

पैसे नव्हते म्हणून तीन महिने घर रिकामंच राहिलं. सतरंजी, पाट, भिंतीला टेकून ठेवलेल्या कौदी. एका संध्याकाळी अत्ती पाय पसरून तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ईग मनी मनीहंग काणतैति.” म्हणजे, आता घर घरासारखं दिसतंय. पिशवी त्यांनी कधी रिकामी केली ते मला कळलं नाही.

त्या रिकाम्या खोलीने मला जे शिकवलं, ते तुम्हाला पूर न येता करून बघता येईल. एक खोली आठवडाभर मोकळी ठेवा. ज्या वस्तूची खरोखर आठवण होईल, तेवढीच परत आत आणा. माणसं आपोआप कुठे बसतात ते बघा. आमची सगळी खिडकीजवळ जमिनीवर बसायची, म्हणून बैठक तिथेच केली आणि सोफ्याचा विषय संपला. रंगासाठी शेडकार्डाऐवजी साड्यांचं कपाट उघडा. वीस वर्षांत हौसेने घेतलेल्या साड्यांचे रंग खोटं बोलत नाहीत. माझ्या कपाटात डाळिंबी आणि गर्द हिरवा निघाला. भिंती पांढऱ्याच ठेवल्या आणि गुळेदगुड्डच्या खणाचे अभ्रे शिवले.

झोपाळा मात्र सुरतेचा. जुन्या शहरातलं एक घर पाडत होते, तिथला सागवानी पाट मिळाला. अत्तींना तो बघताच पंचमीची जोकाली आठवली. इथे बऱ्याच इमारतींत छताला कड्या आधीच बसवलेल्या असतात. आपल्याकडे नसतील तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्लॅबला भोक पाडू नका.

आणखी एक वस्तू सुरतेनेच दिली. इथे सादेली नावाची जुनी कारागिरी आहे. लाकडाच्या, हाडाच्या बारीक काड्या नक्षीत जुळवून चिकटवतात, मग तो गठ्ठा आडवा कापून पातळ चकत्या पेटीवर बसवतात. पूर्वी हस्तिदंत वापरत, आता त्यावर बंदी आहे. हे काम जाणणारे कारागीर मोजकेच उरलेत. मी एक लहान डबी घेतली. अत्तींनी ती निरखली आणि आपला कशिदा काढलेला जुना झंपर शेजारी ठेवला. कसुतीत नक्षी छापून घेत नाहीत, कापडाचे धागे मोजून टाका घालतात. दोन्हीकडचे त्रिकोण, चौकट इतके सारखे दिसले, की तो झंपर मी काचेत मढवून डबीच्या वर लावला. आलेला प्रत्येक पाहुणा आधी तिथे थांबतो, ऑफिसची माणसंसुद्धा.

मिस्टरांना टीव्हीखाली शोकेस हवाच होता. तो झाला, पण सागवानी आणि जमिनीपासून दोन फूट वर.

आता मुलीने बेंगळुरूत घर घेतलंय आणि तिला अत्तींच्या हातची कौदी हवीय. अत्ती ८४ वर्षांच्या. सुईत दोरा मी ओवून देते, जुन्या साड्यांच्या पट्ट्या त्या स्वतः निवडतात. मुलीला फिकट रंग हवेत, अत्तींनी पहिलाच तुकडा लालभडक लावलाय.