पहाटेचं गाणं ऐकायचं कुणी?

मागच्या खेपेला आपण कांटच्या सौंदर्यविचारापाशी थांबलो होतो. १७९० साली आलेल्या त्याच्या तिसऱ्या क्रिटिकमधला मुद्दा होता की, सुंदर वस्तूपासून मिळणारा आनंद निरिच्छ असतो. वस्तू माझ्या उपयोगाची आहे का, मला ती हवी आहे का, ती प्रत्यक्षात आहे तरी का, या कशाशीही त्या आनंदाला कर्तव्य नसतं. तेव्हा एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, मग आरती सुंदर असते की नसते?" प्रश्न चांगला होता, मी उत्तर टाळलं होतं. आज ते देण्याचा प्रयत्न करतो. पण ग्रंथांतून न देता आमच्या वस्तीतल्या रविवार-सकाळच्या बैठकांच्या अनुभवातून देतो.

या बैठका म्हणजे फार मोठं काही नाही. विठ्ठलमंदिराचा सभामंडप, सतरंज्या, चाळीस-पन्नास माणसं, सकाळी सहा ते साडेसात, नंतर चहा. तिकीट नाही. दिवाळी पहाट नावाचे जे मोठे कार्यक्रम आता गावोगाव होतात, त्यांत आणि यात फरक एवढाच की आमच्याकडे लेझीम खेळणारे, भारुड म्हणणारे, ओव्या गाणाऱ्या बायका, वासुदेव अशी मंडळी येतात आणि अत्तराचा फाया कुणी देत नाही. निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून निवेदनाचं काम माझ्या गळ्यात पडलं. तिथे माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यांनीच मला विचार करायला लावलं.

आधी पहाटेची गाणी म्हणजे काय ते थोडं बघू. आपल्याकडे त्यांची केवढी दाटी आहे! देवाला उठवायची भूपाळी. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांत चालणारा काकडा. उजाडायच्या आत कुडमुडं वाजवत येणारा, भविष्य सांगणारा पिंगळा. मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या-टाळ वाजवत दारोदार फिरणारा वासुदेव. आणि घरात, अंधारातच, जात्यावरची बाई. आता यात एक गोष्ट समान आहे. यातलं एकही गाणं 'ऐकण्यासाठी' नाही. भूपाळी देवाला जागं करण्यासाठी, पिंगळा आणि वासुदेव दान मागण्यासाठी, ओवी दळण सरावं म्हणून. प्रत्येक गाण्याला एक काम आहे आणि प्रत्येक गाणं कुणाला तरी उद्देशून आहे. 'श्रोता' नावाचा माणूस या यादीत कुठेच नाही.

भूपाळीवरून एक आठवलं, जरा बाजूला जातो. पुष्कळांना वाटतं भूपाळी म्हणजे भूप रागातलं गाणं. भूप तर रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात! पण सा रे ग प ध हेच पाच स्वर घेऊन सकाळी गायचा राग आहे देशकार. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत वादी. म्हणजे स्वर तेच, वजन कुठे टाकायचं ते बदललं की रात्रीची सकाळ होते. गाण्याचं 'काय' आणि गाण्याचं 'केव्हा' यांचा संबंध आपल्या परंपरेने केवढा गंभीरपणे घेतला आहे, एवढंच सांगायचं होतं. आणि गंमत अशी की भूपाळी लिहिणारा होनाजी हा पेशवाईतला तमाशाचा शाहीर, जातीने गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी. १९५१ साली शांतारामबापूंनी 'अमर भूपाळी' चित्रपट काढला तो याच होनाजीवर. रात्रीच्या फडावरचा माणूस पहाटेच्या देवघरात पोचला. तेव्हा परंपरेत गाणी एका जागेवरून दुसऱ्या जागी जातच नव्हती, असं कुणी समजू नका. गाणी हलतात. हलल्यावर त्यांचं काय होतं, हा आपला प्रश्न.

आता आजींची गोष्ट. मुळशीकडच्या एक आजी आमच्या बैठकीला आल्या. त्या भागाचं नाव ओव्यांच्या अभ्यासात मोठं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांनी पुण्याहून काम करत लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हजाराहून अधिक गावांतून. त्याआधी साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या होत्या, सरोजिनीबाई बाबरांनी तर आयुष्य घातलं. हे सगळं मी निवेदनात सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, पण आजी बिचाऱ्या दहा मिनिटं माझं तोंड बघत बसल्या होत्या.

आम्ही पहिली चूक केली ती पेटीची. गाणं म्हटलं की पेटी हवी, म्हणून एका हौशी गृहस्थांना बसवलं. ते विचारतात, "आजी, पट्टी कोणती?" आजी म्हणतात, "पट्टी नाय आणली बाबा." लोक हसले. त्यांनी काळी दोन धरली. दोन ओव्या होईपर्यंत आजींचा आवाज वर सरकला, पेटी मागे राहिली. मग ते स्वर शोधत राहिले आणि आजी पेटीवाल्याकडे अपराधी चेहऱ्याने बघत राहिल्या. ज्या बाईने साठ वर्षं कुणाच्या आधाराशिवाय गायलं, तिला पंधरा मिनिटांत आम्ही बेसूर ठरवलं. पुढच्या रविवारपासून पेटी बंद.

दुसरी चूक जास्त मोठी. आजी लेकीच्या ओव्यांवर आल्या. त्यांची एक लेक सासरी गेली आणि तिथेच वारली, हे मला आधी कळलं होतं. मी माइक घेतला आणि श्रोत्यांना सांगितलं की आता आजी आपल्या दिवंगत कन्येच्या आठवणीच्या ओव्या म्हणतील, मायलेकीच्या नात्याचं हृद्य चित्रण आपल्याला त्यात दिसेल. आजींनी म्हटल्या. तीन-चार म्हटल्या असतील. आवाज अडकला, त्या थांबल्या. आणि सभामंडपात टाळ्या पडल्या. कडकडाट! लोकांचे डोळे ओले होते, टाळ्या खऱ्या होत्या. आजींनी इकडेतिकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "झालं का माझं?"

तो प्रश्न मी अनेक वर्षं डोक्यात घेऊन फिरतो आहे.

टाळी म्हणजे काय? तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर टाळी म्हणजे सौंदर्यानुभवातल्या अंतराचा आवाज. 'हे तू मला दिलंस, मी ते वस्तू म्हणून बघितलं, मला आवडलं' असं टाळी म्हणते. कांटच्या अर्थाने ते निरिच्छ आहे, आणि सभ्यही आहे. पण ओवी कुणाला उद्देशून होती? लेकीला. अंधारात, सासू-सासरे झोपलेले असताना, किंवा झोपल्याचं सोंग घेतलेले असताना, बाई जात्यापाशी बसून भावाशी बोलते, आईशी बोलते, पंढरीच्या विठ्ठलाशी बोलते, सीतेच्या वनवासावर बोलते. समोर बोलता येत नाही अशांशी ती बोलते. आम्ही पन्नास जण त्या बोलण्यात शिरलो आणि टाळ्या वाजवल्या. कुणाच्या घरी समाचाराला जावं आणि बाई रडायची थांबली की टाळ्या वाजवाव्यात, तसं ते झालं.

रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ साली आली, तेव्हा मी नुकता शिकवायला लागलो होतो. लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशी जी दोन टोकं त्यांनी मांडली, ती मी पुढे तीस वर्षं फळ्यावर लिहिली. कला ही जीवनाचाच भाग आहे की तिचं जग स्वायत्त आहे? मुलं परीक्षेत दोन्ही बाजू लिहायची आणि शेवटी 'समन्वय' करायची. मीही गुण द्यायचो. त्या सकाळी मला कळलं की हा प्रश्न निव्वळ पुस्तकातला नाही. सभामंडप ही एक यंत्रणा आहे. तिच्यात लौकिक गाणं घाला, ती त्याचं अलौकिक करून देते, आणि त्यात गाणाऱ्याचं काहीतरी काढून घेते. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी सांगितल्या, आदिम, लोक, भक्ती, कला, जन, संगम अशा. आपण मात्र सगळ्या कोटींना कलासंगीताच्याच शिस्तीने ऐकायला बसतो. पुढे बसायचं, गप्प राहायचं, दाद द्यायची.

आता वासुदेव. हे ऐका, कारण इथे प्रकरण सौंदर्यशास्त्रातून कायद्यात जातं.

वासुदेवबुवांना आम्ही बोलावलं, रीतसर पाकीट तयार ठेवलं. बुवा आले, टोपी, झगा, चिपळ्या, सगळं. मंचावर उभे राहून गायले, छान गायले. पण शेवट येईना. मी कोपऱ्यातून खुणा करतोय, वेळ होतेय. ते पुन्हा तेच कडवं घेतायत. नंतर चहा घेताना मी विचारलं तर म्हणाले, "सर, दान पडल्याबिगर 'दान पावलं' कसं म्हणू? खोटं होईल की."

बघा, हा शुद्ध तत्त्वज्ञानाचा मुद्दा आहे. वासुदेवाचं 'दान पावलं' हे वर्णन नाही, ती कृती आहे. दान घेऊन, पंढरपूरचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा अशा देवांची नावं घेऊन, दात्याच्या पूर्वजांची नावं घेऊन तो ते पोचतं करतो. ऑस्टिन नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञाने अशाच बोलण्यावर व्याख्यानं दिली, की काही वाक्यं काही सांगत नाहीत, ती काही करतात, आणि परिस्थिती जुळली नाही तर ती फसतात. बुवांना हे ऑस्टिन न वाचता माहीत होतं. पाकीट हे दान नव्हे, ते मानधन. मानधन पोचतं करायला देव लागत नाही, पावती लागते.

आणि आता कायदा. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्यातली भीक मागण्याची व्याख्या काढून वाचा. सार्वजनिक जागी दान मागणं किंवा घेणं, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या निमित्ताने का असेना, ती भीक. कुणाच्या खाजगी आवारात दान मागायला शिरणं, तेही त्यात. म्हणजे वासुदेव आणि पिंगळा दोघेही व्याख्येत बसले! हा कायदा दिल्लीलाही लागू केला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली त्याची बरीच कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे तो आहे. म्हणजे हाच माणूस, हीच टोपी, हेच गाणं. मंचावर असेल तर महाराष्ट्राची लोककला, शाल आणि श्रीफळ. दारात असेल तर भिकारी. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम या सगळ्यांनी वासुदेवावर रूपकं रचली. कायदा करणाऱ्यांनी ती शाळेत वाचली नसतील असं नाही. पण कविता वेगळी आणि दारातला माणूस वेगळा, असं आपण शिकलो आहोत ना! निरिच्छ आनंदाची ही दुसरी बाजू आहे, आणि ती कांटच्या पुस्तकात सापडायची नाही.

मग बैठका बंद कराव्यात का? एका मित्राने मला तसं सुचवलंही, की हे सगळं संग्रहालय आहे, मेलेल्या गोष्टींत पेंढा भरणं आहे. मला ते पटत नाही. माझी आई जात्यावर दळायची. तिच्या उजव्या तळव्याला घट्टे होते, आणि बाळंतपणानंतर कितव्या दिवशी तिला जात्यावर बसवलं हे ती कधी विसरली नाही. गावात पिठाची गिरणी आली, त्या दिवशी तिने गिरणीवाल्याला नारळ दिला होता. जातं गेलं याचं मला तीळभर दुःख नाही, आणि ज्यांना आहे त्यांनी आधी दोन पायली दळून दाखवावं. पण जातं गेलं तेव्हा बाईला एकटीने बोलायची जी एक जागा होती तीही गेली, आणि तिच्या बदल्यात गिरणीने काही दिलं नाही. आजी मला म्हणाल्या होत्या, की तुमच्या मंडपात म्हटल्या त्या ओव्या त्यांनी वीस-बावीस वर्षांनी म्हटल्या. घरी म्हटल्या तर सुना विचारतात, काय होतंय? म्हणजे आमचा मंडप वाईट होता, पण त्यांच्याकडे दुसरी जागाच नव्हती.

तेव्हा आम्ही थोडे बदल केले. निवेदन बंद, हे पहिलं. माझ्यासारख्याला ते जड गेलं. वासुदेवबुवा आता मंचावर येत नाहीत, मंदिराच्या फाटकातून गात येतात आणि ओळींमधून फिरतात. लोक पसाभर तांदूळ, नाणी, जे असेल ते घालतात, आणि बुवा नाव विचारून दान पोचतं करतात. पाकीट नंतर, वेगळं. मागच्या खेपेला एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने आजोबांचं नाव सांगताना मध्येच थांबून बायकोला विचारलं, "पणजोबांचं काय गं?" तिला माहीत होतं.

आणि आजींसाठी जातं आणलं. एका बंगल्याच्या बागेत शोभेला ठेवलेलं होतं, कुंडी ठेवली होती वर. खुंटा नव्हता, तो करून घेतला. टाकी लावायला माणूस मिळेना, शेवटी एक वडार बाई मिळाल्या, त्यांनी दोन्ही तळ्यांना टाकी लावून दिली. आजी बसल्या, समोर त्यांच्या गावची एक जण बसली, ज्वारीची वैरण घातली. आजींचा आवाज त्या दिवशी लागला तसा मी आधी ऐकला नव्हता. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओळ लांबत होती, खुंटा अंगाकडे येईल तसा शब्द येत होता. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, वाजवायला थांबाच नव्हता. त्या आमच्याकडे बघतही नव्हत्या.

नंतर पिठाचा प्रसाद म्हणून पुड्या कराव्यात असं कुणीतरी काढलं, कागदही आले. आजींनी हात आडवा धरला. म्हणाल्या, "खाऊ नका कोनी. टाकी लावल्यावरचं पयलं दळन हाय, कचकच लागंल. गाईला घाला."

पुढचं व्याख्यान ऑस्टिनवर.