नायजेरियाचा रँटी, गोव्याचा लाडका

मलकापुरातली असो की बुलढाण्यातली, स्पर्धेत ‘बाहेरचा गडी’ आणला की पब्लिक आधी हेच म्हणतं, “हा काय, फायनलपुरताच!” परदेशी स्ट्रायकरचंही तसंच. दोन-चार मॅच गोल नाही झाला की शिव्या, सीझन संपला की बॅग भरा.

रँटी मार्टिन्स मात्र टिकला. हा नायजेरियन पठ्ठ्या २००४ मध्ये गोव्याच्या डेम्पो क्लबात आला आणि तब्बल आठ सीझन तिथंच खेळला. कोच होते गोव्याचेच आर्मांदो कुलासो. या काळात डेम्पोनं देशाची लीग पाचदा जिंकली. २०१०-११ मध्ये रँटीचे ३० गोल, पुढच्याच सीझनला ३२, तेही २६ मॅचमध्ये!

स्कॉटलंडच्या सेल्टिकनं स्वीडनच्या हेन्रिक लार्सनला असंच डोक्यावर घेतलं होतं. सात सीझन, २४२ गोल. मध्ये पाय मोडला, तरी गडी परत आला.

दोघांच्या गोलांचे आकडे भारीच. पण गोल करून निघून जाणारे कितीतरी असतात. हे दोघं थांबले, म्हणून ‘बाहेरचे’ राहिले नाहीत. शिक्षणासाठी गाव सोडून पुण्या-मुंबईच्या होस्टेलवर निघालेल्या दोस्तांनो, पहिल्या महिन्यात करमलं नाही तर रँटी आठवा.