दूधसागरची सहल : आधी पाण्याचे वेळापत्रक पाहा

- प्रतिनिधी

पावसाळा सरल्यावर दूधसागर धबधब्याच्या दर्शनासाठी गेलेले चाळीसहून अधिक पर्यटक १४ ऑक्टोबर २०२२ रोजी पाण्याच्या पलीकडे अडकून पडले. जोरदार पावसाने प्रवाह फुगला आणि परतीच्या वाटेवरील लहानसा पूल कोसळला. जीवरक्षकांनी सर्वांना सुखरूप अलीकडे आणले, म्हणून ही घटना बातमीपुरतीच राहिली. मात्र दूधसागरची एक दिवसाची सहल आखणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी अशी आहे. सहलीचे नियोजन म्हणजे गाडी, जेवण आणि कॅमेरा एवढेच समजले जाते. येथे पहिला प्रश्न वेगळाच असतो, तो म्हणजे पाणी कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी कसे वागते हा.

गोवा आणि कर्नाटकाच्या सीमेवर, सह्याद्रीच्या कड्यावरून चार टप्प्यांत कोसळणारा हा धबधबा सुमारे ३१० मीटर उंच असून देशातील सर्वांत उंच धबधब्यांत त्याची गणना होते. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या घनदाट अरण्यातून त्याची वाट जाते. खाली उतरलेले पाणी पुढे खांडेपार नदीच्या रूपाने मांडवीला मिळते. वाटेत ओपा येथे याच नदीचे पाणी शुद्ध करून फोंडा आणि पणजी परिसराला पुरविले जाते. धबधब्याच्या डोहात टाकलेली प्लास्टिकची पिशवी किंवा साबणाचा फेस कोणाच्या घरापर्यंत पोहोचतो, याचे उत्तर यातच आहे.

महिना कोणता निवडावा?

दूधसागरचे खरे वैभव जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत असते. नेमक्या याच काळात तेथे पोहोचण्याचा नेहमीचा मार्ग बंद असतो. धारबांदोडा तालुक्यातील कुळे गावातून धबधब्याच्या पायथ्यापर्यंत सुमारे दहा ते बारा किलोमीटरचा कच्चा जंगलमार्ग आहे. वाटेत ओढे आणि नदीचे पात्र ओलांडावे लागते. पावसाळ्यात या पात्रांतून जीपगाडी नेणे अशक्य होते. त्यामुळे ही वाहतूक थांबविली जाते आणि साधारणपणे ऑक्टोबरच्या प्रारंभी, पाऊस ओसरल्याची खात्री झाल्यावरच पुन्हा सुरू होते. सुरू होण्याची तारीख दरवर्षी मागेपुढे होत असल्याने निघण्यापूर्वी ती विचारून घेणे श्रेयस्कर.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये धबधबा भरलेला असतो आणि जंगलही हिरवेगार असते. डिसेंबर व जानेवारीत पाणी कमी होत जाते, पण वाट सुकर असते. फेब्रुवारीनंतर धार क्षीण होते आणि एप्रिल-मे महिन्यांत कड्यावर पाण्यापेक्षा खडकच अधिक दिसतो. शाळेच्या उन्हाळी सुटीत मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांची त्यामुळे अनेकदा निराशा होते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र शक्यतो टाळावा. अरण्यात दिवसाला सोडल्या जाणाऱ्या जीपगाड्यांची संख्या मर्यादित असते, आणि त्या आठवड्यात गोव्यातील किनारपट्टीवर आलेल्या पर्यटकांचा मोठा लोंढा कुळ्याकडे वळतो.

सकाळच का?

ऑक्टोबर महिना निवडला म्हणजे पावसाचा धोका टळला, असे नाही. परतीच्या पावसाच्या दिवसांत सकाळी आकाश निरभ्र असते, दुपारनंतर ढग जमू लागतात आणि सायंकाळच्या सुमारास गडगडाटासह सरी कोसळतात. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना हा अनुभव नित्याचा आहे. धबधब्याला मिळणारे पाणी वरच्या अंगाला, कॅसलरॉककडील डोंगराळ भागात पडलेल्या पावसाचे असते. पायथ्याशी ऊन असताना वर सर कोसळली, तर तिचे पाणी काही वेळाने खाली येते आणि डोहात उतरलेल्या माणसाला त्याची पूर्वकल्पना नसते. कडा उभा आणि पात्र अरुंद असल्याने पातळी वाढण्यास फार वेळ लागत नाही.

प्रवाह वाढण्यापूर्वी काही खुणा दिसतात. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होते, काटक्या आणि पाचोळा वाहून येऊ लागतो आणि पाण्याचा आवाज जड होतो. यांपैकी एकही खूण दिसताच सामान गोळा करण्यात वेळ न दवडता काठावरील उंच जागा गाठावी. पाण्याच्या मधोमध असलेला खडक सुरक्षित वाटतो, पण पाणी वाढल्यावर सुटकेची वाट बंद होते ती तेथेच. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी पुण्याचे एक कुटुंब असेच वाढत्या प्रवाहाच्या मध्यभागी अडकले आणि त्यांतील पाच जणांचा बळी गेला. ती दृश्ये महाराष्ट्राने पाहिली आहेत.

वेळेचा हिशेब

या सर्व कारणांनी दूधसागरची सहल दुपारपूर्वी आटोपणे हिताचे. पणजीहून कुळे रस्त्याने सुमारे ६० किलोमीटर आहे, तर मडगावहून रेल्वेने साधारण तासाभराचे अंतर आहे. बेळगाव, खानापूरकडून येणाऱ्यांना अनमोड घाट उतरून मोले येथे आणि तेथून कुळ्याला जाता येते. किनाऱ्यावरील हॉटेलात उतरलेल्यांनी पहाटे निघण्याची तयारी ठेवावी.

जीपगाड्यांची नोंदणी कुळे स्थानकाच्या परिसरात होते. एका गाडीत ठरावीक प्रवासी बसतात, त्यामुळे दोघे-तिघेच असतील तर इतरांची सोबत मिळेपर्यंत थांबावे लागते. आरक्षणाची पद्धत आणि दर वेळोवेळी बदलत असल्याने आदल्या दिवशी चौकशी करावी आणि रोख रक्कमही जवळ ठेवावी. जंगलातील खडबडीत वाटेला जाताना आणि येताना प्रत्येकी पाऊण ते एक तास लागतो. गाडी थांबते तेथून शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून पायीच चालावा लागतो. धबधब्यापाशी साधारण दीड तास मिळतो. सकाळी आठच्या सुमारास नोंदणी झाली, तर दुपारी एकपर्यंत कुळ्याला परतता येते. वेळ उरल्यास तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेव मंदिर पाहून दिवस सत्कारणी लावता येतो.

गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी, गर्भवतींनी आणि पाठीचा त्रास असणाऱ्यांनी जीपच्या हिसक्यांचा विचार आधी करावा. कुटुंबातील कोणी कुळ्यात थांबणार असेल, तर परतण्याची वेळ त्यांच्याशी आधीच ठरवावी. अरण्यात मोबाइलवर विसंबून राहता येत नाही.

रुळांवरची वाट बंदच

पावसाळ्यातील दूधसागरचे आकर्षण अनेकांना रेल्वेमार्गाकडे खेचते. धबधब्याच्या मध्यभागातून पुलावरून जाणारा हा मार्ग पोर्तुगीज काळात, १८८० च्या दशकात उभारला गेला. १:३७ इतक्या तीव्र चढणीमुळे येथे गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. पूर्वी हौशी गिर्यारोहक कॅसलरॉकला उतरून रुळांवरून सुमारे १४ किलोमीटर चालत येत. 'चेन्नई एक्सप्रेस' हा चित्रपट २०१३ मध्ये प्रदर्शित झाल्यावर या पुलाची ओढ अधिकच वाढली.

ही वाट आता निषिद्ध आहे, आणि त्याला कारणे आहेत. मार्गावर बोगदे आहेत, त्यांत बाजूला होण्यास पुरेशी जागा नसते आणि धबधब्याच्या गर्जनेत गाडीचा आवाज ऐकू येत नाही. डोंगर ढासळण्याचे प्रकारही घडतात. २३ जुलै २०२१ रोजी दूधसागर आणि सोनालीम स्थानकांदरम्यान दरड कोसळल्याने मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी रुळांवरून घसरली होती. सुदैवाने प्रवासी बचावले. जुलै २०२३ मध्ये गोव्यातील मैनापी धबधब्यात दोघे बुडाल्यावर वन खात्याने धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. त्याच आठवड्यात दूधसागरकडे निघालेल्या शेकडो तरुणांना रेल्वे सुरक्षा दलाने अडविले आणि काहींना उठाबशा काढावयास लावल्या. या शिक्षेवर चर्चा पुष्कळ झाली. परंतु रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रुळांवर अनधिकृत प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे फारच थोड्यांना ठाऊक होते.

पावसाळ्यातच धबधबा पाहावयाचा असेल, तर गाडीच्या खिडकीसारखी दुसरी जागा नाही. वास्कोहून सकाळी निघणारी शालिमार गाडी दिवसाउजेडी हा घाट चढते. पुण्याकडून येणारी गोवा एक्सप्रेस येथून पहाटेच्या अंधारात उतरते, म्हणून खिडकी जाताना नव्हे, तर वास्कोहून परतताना राखावी. वेळापत्रक बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी ते पाहून घ्यावे. दारात लटकणे किंवा गाडी सिग्नलला थांबताच खाली उतरणे हे प्रकार मात्र कटाक्षाने टाळावेत.

हे लक्षात ठेवा

- आदल्या रात्री गोव्याबरोबरच लगतच्या कर्नाटकातील पावसाचा अंदाज पाहावा.
- जीवरक्षक जॅकेट पाण्यात उतरताना अंगावरच असावे, हातात नव्हे. जीवरक्षकांनी मनाई केली असल्यास डोहात उतरू नये.
- चपलांऐवजी घट्ट पकड असलेले बूट वापरावेत. शेवाळलेल्या खडकांवर पाय हमखास घसरतो.
- खाद्यपदार्थांच्या पिशव्या हातात मिरवू नयेत. येथील माकडे त्या हिसकावून घेतात. त्यांना खाऊही घालू नये.
- मद्य आणि पोहणे यांची सांगड कोठेही घालू नये.
- जीपवाहतूक बंद असल्याचे कळले, तर आडवाटेने नेणाऱ्याच्या नादी लागू नये. त्या दिवशी तांबडी सुर्ल्याचे मंदिर पाहावे आणि दूधसागर पुढल्या खेपेसाठी ठेवावा.