खेळातल्या विटांचा संग्रह

पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, आगपेट्यांवरील चित्रे जमविणारा गृहस्थ आपणांस परका वाटत नाही. परंतु चाळिशी उलटलेला, नोकरी-संसारात स्थिरावलेला मनुष्य मुलांच्या खेळण्यातील प्लॅस्टिकच्या विटांचे संच जमवितो, त्यांच्या खोक्यांसाठी निराळे कपाट करवून घेतो आणि एखाद्या संचातील दोन विटा हरवल्या तर रात्री बेचैन होतो, असे ऐकले म्हणजे श्रोत्यांच्या ओठांवर हसू उमटणे साहजिक आहे. ते हसू क्षणभर आवरून या छंदाकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. कारण या संग्राहकापुढे एक पेच असतो, तो तिकिटे जमविणाऱ्यापुढे सहसा येत नाही. तिकीट वहीत नीट लावले की संग्रह झाला. विटांच्या बाबतीत प्रश्न तेथेच सुरू होतो : आणलेले खोके फोडावे की न फोडावे?

हा पेच उमजावयाचा तर आधी वीट समजून घेतली पाहिजे. डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावी ओले कर्क क्रिस्तियानसन नावाचा एक सुतार होता. मंदीच्या काळात हाताला काम उरले नाही, तेव्हा 1932 मध्ये तो लाकडी खेळणी करू लागला. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याने 1934 च्या सुमारास आपल्या मालाला ‘लेगो’ हे नाव दिले. प्लॅस्टिकच्या विटा त्याने 1949 मध्ये बाजारात आणल्या. त्यांची मूळ कल्पना इंग्लंडमधील हिलरी फिशर पेज यांच्या विटांवरून घेतलेली होती, ही गोष्ट जाणते संग्राहक आवर्जून सांगतात. आणि ते योग्यच आहे.

या पहिल्या विटा आतून पोकळ होत्या. एकीवर एक बसत, पण धरून ठेवीत नसत; मुलाने घर उचलले की भिंती ओघळत. 28 जानेवारी 1958 रोजी ओलेचा मुलगा गॉटफ्रेड याने नव्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याने केले ते एवढेच, की विटेच्या पोकळीत नळ्या बसविल्या. खालच्या विटेवरील गोल गुंडी आता वरच्या विटेची भिंत आणि नळी यांच्या बेचक्यात घट्ट अडकते, आणि तरीही मुलाच्या बोटांनी सुटते. ही पकड टिकावी म्हणून साचे अत्यंत काटेकोर ठेवावे लागतात. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचीही चूक तेथे चालत नाही. पुढे 1963 पासून एबीएस नावाचे अधिक टणक प्लॅस्टिक वापरात आले. एका गुंडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर 8 मिलिमीटर ठरले, ते ठरलेच. म्हणूनच आजोबांच्या जुन्या डब्यातील वीट नातवाच्या कालच्या विटेवर बिनतक्रार बसते.

या एका गुणातून केवढे भांडार उघडते पाहा. आठ गुंड्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा 24 प्रकारांनी जोडता येतात. तीन घेतल्या तर 1,060 प्रकारांनी. आणि सहा घेतल्या, तर गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने मोजलेला आकडा 91 कोटी 51 लाख 3 हजार 765 इतका भरतो. खोक्यावर छापलेले चित्र म्हणजे अशा अगणित रचनांपैकी केवळ एक.

प्रौढांकडे कारखानदारांनी बराच काळ विशेष लक्ष दिले नव्हते. लहानपणी खेळलेला मुलगा वयात येताच विटा माळ्यावर टाकतो, आणि कधीतरी, पुष्कळदा स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने, पुन्हा त्यांच्याकडे वळतो. मधल्या वर्षांना हे लोक विनोदाने ‘अंधारयुग’ म्हणतात. 2000 पासून अशांसाठी मोठे संच निघू लागले, आणि 2008 मध्ये आला ताजमहाल, 5,922 तुकड्यांचा. त्याचे उत्पादन थांबल्यावर न उघडलेल्या खोक्याची किंमत मूळ किमतीच्या कित्येक पट झाली. ज्यांनी मोहरांप्रमाणे ती खोकी जपली होती, ते मनात आकडेमोड करीत बसले असतील. पण 2017 मध्ये कंपनीने तोच ताजमहाल पुन्हा काढला, अवघ्या एका तुकड्याच्या फरकाने! जुन्या खोक्यांचा भाव घसरला. ज्याने आपला ताजमहाल केव्हाच बांधून दिवाणखान्यात मांडला होता, त्याचे मात्र त्या दिवशी काहीच बिघडले नाही.

बंद खोके सुरक्षित असते, हीदेखील अर्धीच गोष्ट. पांढऱ्या आणि करड्या विटा उन्हाने पिवळ्या पडतात, हे खरे. त्यापासून खोके वाचविते. परंतु काही वर्षांतील तांबूस तपकिरी विटा मुळातच ठिसूळ निघाल्या. त्या खोक्यात जपून ठेवल्या तरी जोडताना तडकतात, आणि पंधरा वर्षांनी खोके उघडणाऱ्याला ते फार उशिरा कळते. चिकटपट्ट्यांवरील डिंकही वाळतो.

खोके फोडणाऱ्याचे कष्ट निराळे. धूळ हा त्याचा नित्याचा शत्रू. त्यातून हजारो तुकड्यांची वर्गवारी हे मोठेच काम. आणि येथे नवखा मनुष्य हमखास रंगांप्रमाणे ढीग लावतो. मुरलेला संग्राहक आकारांप्रमाणे लावतो. मिश्र रंगांच्या ढिगातून तांबडा तुकडा डोळा चटकन टिपतो. पण तांबड्याच ढिगात दडलेली लहानशी बिजागरी शोधता शोधता संध्याकाळ जाते. घरातील किती डबे, बरण्या आणि औषधांच्या बाटल्या या कामी जातात, ते गृहिणींनाच विचारावे!

ऐपत असलेले काही जण एकाच संचाची दोन खोकी घेऊन पेच सोडवितात, एक बांधावयास आणि एक राखावयास. मला ही तडजोड फारशी पटत नाही. दुसऱ्या खोक्यावर प्रेम असते ते विटांवर की त्यांच्या भावावर, हे सांगणे अवघड आहे. त्यांच्यापेक्षा मला कौतुक वाटते ते एका तिसऱ्या वर्गाचे. जुन्या संचांच्या बांधणीच्या पुस्तिका कंपनीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवल्या आहेत, आणि सुट्या विटा विकणारे जगभर आहेत. ही मंडळी यादी करतात, एके ठिकाणाहून पांढऱ्या कमानी, दुसरीकडून घुमटाचे तुकडे असे महिनोन्‌महिने गोळा करतात, आणि खोके कधी हाती न धरताच तो ताजमहाल उभा करतात. विकावयास काढला, तर खोके नाही म्हणून बाजारात त्याचा भाव कमीच येतो. पण तो विकावयास काढला जाण्याचा प्रसंग क्वचितच येत असावा.