हतनूरभर समुद्र, चार ग्रॅम सोने

समुद्राच्या पाण्यात सोने विरघळलेले असते, हे खरे आहे. खडकांची झीज नद्या वाहून नेतात, समुद्रतळावरचे उष्ण झरेही त्यात भर घालतात. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक महासागरांत सुमारे 10 कोटी टन पाण्यामागे 1 ग्रॅम सोने सापडते. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो आणि पुढे हतनूरला हे पाणी अडते. 41 दरवाजांचे हे धरण काठोकाठ भरले की सुमारे 388 दशलक्ष घनमीटर पाणी साठते. तेवढे पाणी समुद्राचे असते, तर त्यात सोने भरले असते जेमतेम 4 ग्रॅम, म्हणजे अर्धा तोळासुद्धा नाही.

सराफी पेढ्यांसाठी नावाजलेल्या जळगावात सोन्याचा कण वाया जात नाही. कारागिराच्या दुकानातली झाडलोट झारेकरी विकत घेतो आणि पाण्यात धुतो. माती वाहून जाते, जड सोने तळाशी बसते. बारीक कण पाऱ्यात धरतात आणि पारा उडवून सोने मोकळे करतात. ही युक्ती चालते, कारण तिथे सोने धातूच्या कणांच्या रूपात असते. समुद्रात ते मुख्यतः क्लोरिनशी संयोग पावून विरघळलेले असते. गाळून ते हाती लागत नाही, कितीही थांबले तरी तळाशी बसत नाही. त्याला ओढून घेणारे रसायन वापरावे, तर सोन्याच्या हजारो पटींनी असलेले तांबे आधी जागा अडवते.

खर्चाचा हिशेब तर आणखी कठोर आहे. 10 कोटी टन पाणी नुसते एक मीटर उचलायलाच सुमारे पावणेतीन लाख युनिट वीज लागते. युनिटला पाच रुपये धरले, तरी एका ग्रॅमसाठी साडेतेरा लाख रुपये पंपावरच संपतात.

तरीही या सोन्यामागे एक थोर रसायनशास्त्रज्ञ लागला होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर 132 अब्ज सुवर्ण-मार्कांची भरपाई लादली गेली. ती फेडण्यासाठी नोबेलविजेत्या फ्रिट्झ हाबर यांनी समुद्राकडे पाहिले. जुन्या नोंदी टनामागे कित्येक मिलिग्रॅम सोने सांगत होत्या. 1923 मध्ये ‘हान्सा’ जहाजावर प्रयोगशाळा थाटून त्यांनी पाण्याचे नमुने तपासले. हळूहळू उलगडा झाला: भांड्यांतून आणि रसायनांतूनच सोन्याचा अंश नमुन्यांत उतरत होता. तो वजा केल्यावर टनामागे 0.004 मिलिग्रॅम उरले आणि काही वर्षांत हाबर यांनी हा नाद सोडला. स्वतःच्याच आशेविरुद्ध जाणारा आकडा त्यांनी प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला, हे त्यांचे मोठेपण. 1990 मध्ये फॉकनर आणि एडमंड या संशोधकांनी प्रसिद्ध केलेली मोजमापे तर त्याच्याही शेकडो पटींनी कमी निघाली.

समुद्रातून फायद्यात निघतात ती मीठ, मॅग्नेशियम आणि ब्रोमीन. टनभर पाण्यात मॅग्नेशियम सव्वा किलोच्या वर असते आणि ब्रोमीन 65 ग्रॅमच्या आसपास.