विद्यापीठातून औषधनिर्मितीकडे : नरक्याच्या निमित्ताने

द्रव्यगुण अथवा रसशास्त्र-भैषज्यकल्पना या विषयांत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करणाऱ्या तरुण वैद्यांपुढे अध्यापन, रुग्णसेवा आणि औषधनिर्माण उद्योग असे तीन मार्ग असतात. पैकी तिसऱ्या मार्गाविषयी आपल्या व्यवसायात अद्यापही संकोच आढळतो. उद्योगात गेलेला संशोधक विद्येला अंतरला आणि व्यापाराच्या सेवेस लागला, असा समज त्यामागे असतो. हा समज कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी एका नामवंत संशोधकाचे उदाहरण येथे घेत आहोत. त्यातील मुख्य वनस्पती कोल्हापूरच्या पश्चिमेस सह्याद्रीत आढळते, म्हणूनही ते आपणांस जवळचे वाटावे.

डॉ. टी. आर. गोविंदाचारी (१९१५-२००१) हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य होते. वनस्पतींतील अल्कलॉइड द्रव्ये हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. श्वासरोगात उपयोगात आणल्या जाणाऱ्या अंतमूळ या वनस्पतीतील टायलोफोरीन या द्रव्याच्या रचनेवरील त्यांचे कार्य मान्यता पावले होते. अशा स्थिर पदावर असताना १९६३ साली ते मुंबईत गोरेगाव येथे सिबा या स्विस कंपनीने उभारलेल्या संशोधन केंद्राचे संचालक झाले.

सिबाचे नाव वैद्यवर्गास अपरिचित नाही. सर्पगंधेवर भारतात दीर्घकाळ काम झाले होते. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे पृथक केली. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबातील तिच्या उपयोगाचे अनुभव १९४९ साली प्रसिद्ध केले. तथापि रिसर्पीन हे द्रव्य १९५२ साली पृथक झाले ते बाझल येथील सिबाच्या प्रयोगशाळेत, आणि त्या कंपनीचे औषध म्हणूनच ते जगभर गेले. द्रव्य आपले, अनुभव आपला आणि औषध परक्यांचे, ही खंत तेव्हापासूनची आहे. ज्ञानाचे औषधात रूपांतर घडविणारी यंत्रणा आपल्याकडे अपुरी होती, हे तिचे एक प्रमुख कारण होय.

गोरेगावच्या केंद्रात अशी यंत्रणा होती. तेथे रसायनशास्त्रज्ञ, औषधिक्रियाशास्त्रज्ञ आणि चिकित्सक एकाच प्रश्नावर एकत्र काम करीत. अमीबाजन्य विकारांत वापरले जाणारे सॅट्रॅनिडॅझोल हे याच केंद्राचे फलित. वनस्पतिसंशोधनही तेथे थांबले नाही. अमेरिकेत वॉल आणि आपल्या नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसीन हे अर्बुदविरोधी द्रव्य मिळविले होते. गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवून दिले की, हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या या वनस्पतीत अधिक विपुल प्रमाणात आहे. हे निष्कर्ष त्यांनी शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. उद्योगात गेल्याने विद्येशी नाते तुटतेच असे नाही, याचा हा पुरावा.

परंतु या कथेचा उत्तरार्ध विसरून चालणार नाही. कॅम्प्टोथेसीनपासून सिद्ध केलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. अनुक्रमे बीजाशय व बृहदंत्राच्या कर्करोगात त्यांचा उपयोग होऊ लागला आणि कच्च्या द्रव्याची मागणी वाढली. सह्याद्रीतील नरक्यावर कुऱ्हाड पडली. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या रानांतही चोरटी तोड झाली. ज्या शोधाने रुग्णांना आशा दिली, त्याच शोधाने वनस्पतीवर संकट आणले.

येथे आपल्या शास्त्राची दृष्टी मार्गदर्शक ठरते. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत भिषकानंतर द्रव्याची गणना केली आणि द्रव्याच्या गुणांत ‘बहुता’, म्हणजे विपुल उपलब्धता, आवर्जून सांगितली. विद्यापीठातील संशोधकाचा प्रश्न बहुधा ‘या द्रव्यात काय आहे?’ एवढ्यावर थांबतो. उद्योगात त्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात : प्रत्येक वेळी सिद्ध झालेला कल्प समान गुणाचा असेल का? तो रुग्णास परवडेल का? आणि त्यासाठी लागणारे द्रव्य उद्याही मिळेल का? पहिल्या दोहोंकडे व्यवस्थापनाचे लक्ष असते. तिसऱ्या प्रश्नाचा विसर लवकर पडतो, आणि तो विचारण्याचा अधिकार द्रव्यगुण जाणणाऱ्या वैद्याइतका दुसऱ्या कोणाचा नाही.

सन २००० मध्ये आयुर्वेदीय औषधांसाठी उत्तम निर्मितीपद्धतीचे ‘शेड्यूल टी’ लागू झाले. जैवविविधता कायदा २००२ साली आला. २०१० च्या नियम १५८-ब ने परवान्यासाठी सुरक्षितता व परिणामकारकतेच्या पुराव्याच्या अटी घातल्या. यामुळे ग्रंथोक्त ज्ञान आणि प्रयोगशाळेची शिस्त या दोहोंत पारंगत असलेल्या वैद्यांची उद्योगास गरज आहे. जाऊ इच्छिणाऱ्यांनी काही पथ्ये मात्र सांभाळावीत. द्रव्याची ओळख स्वतः पटवून घ्यावी. ते कोठून व कोणत्या मार्गाने आले, याची नोंद मागावी. मुळासकट जाणाऱ्या वनस्पतीच्या लागवडीचा आग्रह धरावा. रुजू होण्यापूर्वीच, कोणते निष्कर्ष प्रसिद्ध करता येतील, हे लेखी ठरवून घ्यावे.

उत्तरायुष्यात गोविंदाचारी मद्रासला परतले आणि त्यांनी कडुनिंबातील द्रव्यांवर काम केले. विद्यापीठ आणि उद्योग यांपैकी कोठेही त्यांचा व्यासंग खंडित झाला नाही. आपल्या तरुण वैद्यांनीही उद्योगाची वाट निःसंकोच धरावी. मात्र तेथे औषधाचा विचार करताना ज्या रानातून ते येते, त्या रानाचाही विचार व्हावा, एवढीच अपेक्षा.