बेटावरच्या परिचारिकेची परीक्षा

शिकविलेले अंगी मुरले की नाही हे ठरवावयाचे कसे, हा प्रश्न शाळामास्तरापासून कवायत शिकविणाऱ्या हवालदारापर्यंत सर्वांनाच पडतो. शाळेत त्याचे उत्तर वार्षिक परीक्षेने देता येते, किंवा निदान दिल्यासारखे करता येते. परंतु शिकणारी ही बाळंतपणे करणारी परिचारिका असेल आणि तिचा दवाखाना महासागरातील एखाद्या प्रवाळबेटावर असेल, तर हा प्रश्न पुष्कळच बिकट होतो. प्रशांत महासागरातील लहान राष्ट्रांत गेली कित्येक वर्षे परिचारिका, सुईणी व आरोग्यसेवक यांना प्रसूती, संततिनियमन आणि वादळासारख्या आपत्तीतील स्त्री-आरोग्य यांचे शिक्षण दिले जात आहे. त्यासाठी पैसा बराचसा बाहेरच्या देशांतून येतो. पैसा देणारा साहजिकच विचारतो, याने किती जीव वाचले? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे सरळ उत्तर त्या बेटांवर मिळू शकत नाही, असे आमचे म्हणणे आहे. ते का मिळत नाही आणि त्याऐवजी काय पाहावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढे आणावा. किरिबाटी हे ३३ बेटांचे राष्ट्र. त्याची सारी जमीन एकत्र केली तर जेमतेम ८११ चौरस किलोमीटर भरते. पण ही बेटे विखुरली आहेत सुमारे ३५ लक्ष चौरस किलोमीटर समुद्रावर. राजधानीच्या तरावा बेटापासून पूर्वेकडील किरितिमाती बेट तीन हजार किलोमीटरांहून दूर आहे. काश्मीरहून कन्याकुमारीस जावे इतके हे अंतर, आणि मध्ये नुसते पाणी. तुवालू तर त्याहूनही लहान. बेटे नऊ आणि माणसे अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. वानुआतूत सुमारे ८० बेटे असून भाषा शंभराहून अधिक आहेत. अशा राष्ट्रांतील आडबाजूच्या बेटावर दवाखाना असला तर तेथे एक परिचारिका असते. डॉक्टर बहुधा नसतो. प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव दोन-तीन तासांत प्राण घेऊ शकतो. तेवढ्या वेळात विमान येत नाही, होडी पोहोचत नाही. जे करावयाचे ते त्या एकटीने, कंदिलाच्या वा विजेरीच्या उजेडात, आपल्या दोन हातांनी करावयाचे असते.

या भागात स्थानिक माणसांना वैद्यकाचे शिक्षण देण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी आपल्या देशाचाही एक धागा आहे. १८७५ साली फिजीत गोवराची साथ आली आणि सुमारे चाळीस हजार माणसे दगावली. पुढे १८७९ साली कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये घेऊन 'लिओनिडास' जहाज तेथे लागले, ते पटकी आणि देवी हे दोन्ही रोग घेऊनच. अशा साथींचा धसका घेऊन १८८५ साली सुवा येथे तरुणांना देवी काढण्यास शिकविणारी शाळा निघाली. १९२८ पासून तीत इतर बेटांचेही विद्यार्थी येऊ लागले, आणि २०१० साली ती फिजी राष्ट्रीय विद्यापीठात सामील झाली. देवी काढणाऱ्याची परीक्षा सोपी होती. आठवड्याने दंडावर फोड आला की नाही, हे पाहिले म्हणजे झाले. बाळंतपणाच्या शिक्षणाला असा दंडावरचा फोड नाही.

मग मृत्यूच मोजावेत, असे कोणी म्हणेल. मातामृत्यूचे प्रमाण दर लक्ष जिवंत जन्मांमागे सांगण्याची रीत आहे. २०१८-२० या काळात भारताचे प्रमाण ९७ होते, महाराष्ट्राचे ३३. आपल्याकडे जन्मांची संख्याच एवढी मोठी की या आकड्यांना काही अर्थ राहतो. तुवालूत वर्षाकाठी जन्म होतात सुमारे अडीचशे. एका वर्षी एक बाई दगावली तर प्रमाण झाले लाखामागे ४००. पुढल्या वर्षी कोणी दगावले नाही तर शून्य. या दोन वर्षांच्या मध्ये एखादे शिबिर झाले असले, तर अहवाल लिहिणाऱ्याचे भाग्य उजळलेच! क्रम उलटा झाला तर तेच शिबिर घातक ठरावयाचे. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. अमुक इतक्या प्रसूतींत एकही मृत्यू झाला नाही, तर तीनला त्या संख्येने भागावे. खरा धोका तेवढा असणेही अशक्य नाही, असे समजावे. तुवालूत चार वर्षांत हजार जन्म झाले आणि एकही माता गेली नाही, तरी खरे प्रमाण लाखामागे ३०० पर्यंत असू शकते. चार वर्षांचे निर्भेळ यश, आणि त्यातून कळते ते एवढेच. किरिबाटीत वर्षाला सुमारे तीन हजार जन्म धरले, तर तीन मृत्यूंचे दोन झाले की प्रमाण १०० वरून ६७ वर येते. तो एक जीव शिक्षणाने वाचला की दैवाने, हे आकडा सांगत नाही.

शिक्षणाची पारख करण्याच्या चार पायऱ्या अमेरिकेतील डोनल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० साली लेख लिहून मांडल्या, आणि आज सर्वत्र त्यांचाच आधार घेतला जातो. शिकणाऱ्याला वर्ग आवडला काय, तो काही शिकला काय, कामावर परतल्यावर त्याची रीत बदलली काय, आणि अखेर फळ काय मिळाले, अशा त्या पायऱ्या होत. पहिल्या दोन सोप्या, म्हणून बहुतेक अहवाल तेथेच बसकण मारतात. वर्ग संपताना कागद देऊन 'कसा वाटला?' म्हणून विचारले, तर जेवू घालणाऱ्या यजमानास वाईट कोण म्हणणार? वर्गाआधी आणि वर्गानंतर एकच प्रश्नपत्रिका दिली, तर गुण वाढतातच. काल सांगितलेले आज आठवले यात नवल कसले? खरी कसोटी तिसऱ्या पायरीपासून सुरू होते, आणि तेथे परीक्षकाला होडीत बसावे लागते.

तिसरी पायरी चढली म्हणजे चौथी आपोआप आली, असेही नाही. याचा मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. उत्तर प्रदेशात १२० आरोग्यकेंद्रांत एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या केंद्रांत बाळंतपण करणाऱ्यांना जागतिक आरोग्य संघटनेची एक टाचणयादी देऊन, शेजारी उभे राहून सांगणारा मार्गदर्शक काही महिने नेमला होता. दोन महिन्यांनी पाहिले तेव्हा सुरक्षित प्रसूतीच्या ठरलेल्या अठरा कृतींपैकी या केंद्रांत शेकडा सुमारे ७३ केल्या जात होत्या, इतरत्र ४२. मार्गदर्शकांचे काम आटोपल्यावर, बाराव्या महिन्यात, हा आकडा ६२ वर घसरलेला होता. आणि दीड लाखांहून अधिक बाळंतपणे तपासूनही मृत्यूंत फरक आढळला नाही. हात सुधारले, पण तेवढ्याने जीव वाचले नाहीत.

तेव्हा एकीकडे मृत्यू मोजता येत नाहीत आणि दुसरीकडे सुधारलेल्या कृतींवर भरवसा ठेवता येत नाही, अशी ही कोंडी आहे. आमच्या मते तिच्यातून वाट आहे. जी कृती जीव वाचविते हे इतरत्र हजारो स्त्रियांवर सिद्ध झाले आहे, तीच कृती बेटावर मोजावी. गरोदरपणात रक्तदाब चढून आचके येऊ लागतात, त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचा उपाय आहे. ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांना घेऊन झालेल्या चाचणीत या औषधाने आचक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो असे २००२ साली दिसून आले. ती चाचणी तरावात पुन्हा करण्याचे कारण नाही. तेथे इतकेच विचारावे की, जिला हे औषध हवे होते तिला ते मिळाले काय, योग्य मात्रेत मिळाले काय, आणि वेळेवर मिळाले काय. वर्षभरात अशा आठच स्त्रिया आल्या असतील तर आठही नोंदी काढून वाचाव्यात. आठांपैकी तिघींना औषध मिळाले नाही, हे वाक्य लाखामागच्या कोणत्याही प्रमाणाहून अधिक बोलके आहे.

अशा नोंदी वाचू लागले की दोष नेहमी शिक्षणातच सापडतो असे नाही. मूल जन्मताच मातेस ऑक्सिटोसिनची सुई द्यावी, हा या शिक्षणातला पहिला धडा होय. पण हे औषध दोन ते आठ अंश उष्णतामानात ठेवावे लागते. बेटावरचे शीतकपाट बंद पडले असेल, तर परिचारिका धडा बिनचूक गिरवील आणि सुईत औषधाचा गुणच नसेल. म्हणून परीक्षकाने परिचारिकेच्या आधी तिचे कपाट तपासावे, कुप्यांवरील तारखा पाहाव्यात. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना बर्फ लागत नाही. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिनही ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरते, हे २०१८ साली दहा देशांतील चाचणीत दिसले. शिबिरासाठी विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी या गोष्टींचा हिशेब व्हावा, असे आम्हांस वाटते.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. पाचशे वस्तीच्या बेटावर वर्षाला दहा-बारा बाळंतपणे होतात. शंभर बाळंतपणांत साधारण सहा वेळा रक्तस्राव मर्यादेबाहेर जातो असे धरले, तर त्या परिचारिकेला असा प्रसंग दीड-दोन वर्षांतून एकदाच येईल. तोवर शिकलेले हातून निसटून जाते. पोहण्यासारखे ते जन्मभर अंगात राहत नाही. अशा वेळी उपाय एकच, बाहुलीवर पुन्हा पुन्हा सराव. इंग्लंडात ब्रिस्टल येथील एका रुग्णालयाने २००० सालापासून सर्व प्रसूतिसेवकांना, डॉक्टर-सुईण असा भेद न ठेवता, एकत्र असा सराव दिला. त्यानंतर जन्मतः मलूल असणाऱ्या बालकांचे प्रमाण दर दहा हजारी सुमारे ८७ वरून ४५ वर आले. तेथे वर्षाला हजारो बाळंतपणे होतात, म्हणून हा आकडा दिसू शकला. बेटांवर पॅसिफिक सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ ही संस्था आणीबाणीच्या प्रसूतींचे असेच वर्ग भरविते. पण राजधानीतल्या वर्गाहून आपल्याच दवाखान्यात, आपल्याच मदतनिसाबरोबर केलेला महिन्याचा अर्धा तास आम्ही अधिक मोलाचा मानतो. शिकलेली परिचारिका वर्षभरात बदलून दुसऱ्या बेटावर किंवा न्यूझीलंडला गेली, तरी निदान तो मदतनीस मागे राहतो.

संततिनियमनाच्या शिक्षणाची पारख करताना तर समाजच आडवा येतो. दंडाच्या कातडीखाली बसविण्याच्या नळ्या किती बसविल्या याची मोजदाद होते. त्या मागणी होताच काढून देता येतात काय, हे क्वचितच विचारले जाते. बसविणे शिकविले आणि काढणे शिकविले नाही, तर स्त्री त्या नळीची बंदिवान होते. शिवाय परिचारिका ही बेटावर कोणाची मावशी, कोणाची भावजय असते. अविवाहित मुलगी तिच्याकडे सल्ल्यासाठी कशी जाणार? मोठ्या शहरांत परीक्षक आपला माणूस रुग्ण म्हणून गुपचूप पाठवून वागणूक तपासतात. बेटावर हे जमत नाही. होडीतून उतरलेला परका माणूस संध्याकाळपर्यंत घरोघर ठाऊक होतो. तेव्हा वही उघडून तीत कोण आले हे पाहण्याबरोबर कोण आले नाही हेही पाहावे. वीस वर्षांखालील एकही नाव नसेल, तर शिबिरात गोपनीयतेवर झालेले व्याख्यान कोठपर्यंत पोहोचले ते समजते.

राहता राहिला तो मृत्यूचा विचार. बेटावर मृत्यू मोजण्यात अर्थ नसला, तरी प्रत्येक मृत्यूची विचारपूस करण्यात फार अर्थ आहे. केव्हा दुखू लागले, कोणाला बोलाविले, निरोप कधी गेला, होडीला तेल होते काय, औषध होते काय, रक्त मिळाले काय, हे क्रमाने विचारावे. मोठ्या देशांत अशा चौकशीत नावे झाकून ठेवतात, म्हणजे कोणी घाबरून खोटे सांगत नाही. सहाशे वस्तीच्या बेटावर झाकावयाचे काय? दगावलेली बाई कोणती आणि तिच्या उशाशी रात्रभर कोणती परिचारिका बसली होती, हे प्रत्येकाला माहीत असते. ती परिचारिका उद्याही त्याच वाटेने दवाखान्यात जाणार असते, आणि वाटेत त्या घरावरून जाणार असते. चौकशीला बसणाऱ्याने तिच्यासमोर वही उघडण्यापूर्वी हे ध्यानात घेतले नाही, तर पुढच्या वेळी ती कमी लिहील.